करवतीचं खालचं टोक

वादळानं नदीच्या वरच्या अंगाची जुनी झाडं आडवी केली त्याला महिना होत आला होता. ठेकेदारानं ती तोडून, ओंडके करून गावाबाहेरच्या माळावर आणून टाकली. यंत्रात जाण्याजोगे ओंडके कारखान्याकडे गेले. ज्यांचा घेर यंत्राच्या तोंडात मावेना, ते त्यानं दोघा करवत्या भावांना दिले. पुलासाठी जाड फळ्या हव्या होत्या. लाकडाला कीड लागायच्या आत आणि ऊन तापून ते उकलायच्या आत काम उरकायला हवं होतं. जमणार नसेल तर आताच सांगा, मी दुसरी सोय बघतो, असं ठेकेदार म्हणाला. थोरल्यानं जमेल म्हणून सांगून टाकलं.

भावांचं घर माळाला लागूनच होतं. घरामागे पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर दोन आडव्या तुळया, तुळयांवर ओंडका. थोरला ओंडक्यावर पाय रोवून उभा राही आणि धाकटा खड्ड्यात उतरे. दोघांच्या मध्ये साडेसहा फुटी करवत. वरच्यानं काळ्या सुतानं मारलेल्या रेघेवर नजर ठेवायची आणि पातं उचलायचं. खालच्यानं ते खाली ओढायचं. लाकूड कापलं जायचं ते खालच्याच्या ओढीनं. त्याला ना रेघ दिसे ना आभाळ, तोंडावर दिवसभर भुसा पडे. खड्ड्याशेजारी भुसा भरून ठेवायची एक खोली होती. जाड दार, खिडकी नाही, बाहेरून लोखंडी कडी.

थोरला त्रेचाळीस वर्षांचा. बाप गेला तेव्हा तो अठराचा होता आणि धाकटा सहाचा. करवतीचं खालचं टोक तेव्हा आईनं धरलं होतं. सहा-सात वर्षं ती खड्ड्यात उतरत राहिली, धाकट्याच्या दंडात जोर येईपर्यंत. या सगळ्यात थोरल्याचं लग्न राहून गेलं. त्यानं धाकट्याचं करून दिलं. धाकट्याची बायको नदीकाठच्या रोपवाटिकेत कामाला जाई. घरात तिला सगळे धाकटी म्हणत.

धाकट्याला गाव दोन वर्षांपासून लाल्या म्हणत होतं. एकतिशीचा गडी, पण चेहरा भट्टीसमोरून उठून आल्यासारखा. गाल लाल, कान लाल, डोळ्यांतल्या शिरा लाल. तब्येत मानवली म्हणून लोक थट्टा करत. न्हावी म्हणायचा, याची दाढी करताना वस्तरा लागला तर माझं दुकान वाहून जाईल. लाल्या हसायचा. पण अंघोळ करून आला की त्याला हसू सुचत नसे. गरम पाणी अंगावर पडलं की सगळ्या अंगाला खाज सुटे. उठत काहीच नसे, पुरळ नाही की गांधी नाही. नुसती आतून खाज. तो ओंडक्याच्या सालीला पाठ लावून उभा राही आणि जनावरासारखी घासत राही. पायाची बोटं जळतात म्हणे. खड्ड्यात उतरला की वहाणा काढून ओल्या भुशात पाय खुपसून उभा राही. डोकं जड, कानात घूं घूं, दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी. धाकटी त्याला दवाखान्यात चला म्हणून मागे लागली होती. या फळ्या होऊ देत, मग बघू, असं त्याचं ठरलेलं उत्तर.

थोरल्याला त्या लाल तोंडात दुसरंच दिसत होतं. त्यांचा बाप प्यायचा. पिऊन पिऊन पोट फुगून मेला. बापाचंही तोंड असंच लाल असे, डोळे असेच. बाप पिऊन आला की भिंतीवर आदळायचा, आल्यागेल्याला शिव्या द्यायचा, कामाला आलेल्या लोकांसमोर ओकायचा. मग आई त्याला भुशाच्या खोलीत ढकली आणि थोरल्याला कडी लाव म्हणे. आतून धडका बसत. आई म्हणे, राहू दे, निजेल. संध्याकाळी कडी काढली की बाप खाली मान घालून बाहेर येई आणि पाणी मागे. असं किती वेळा झालं याचा हिशोब थोरल्याकडे नव्हता. लाल्याला यातलं फारसं आठवत नव्हतं.

म्हणून थोरला रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून भावाच्या तोंडाजवळ जाई. कॉलरवरचा भुसा झटकतो म्हणून, डोळ्यात काय गेलंय बघू म्हणून. आणि श्वास ओढून घेई. लाल्याच्या हे लक्षात आलं होतं. तो उगाच तोंड उघडून मोठ्यानं श्वास सोडी आणि झालं का, असं विचारून खड्ड्यात उतरे. वास कधी आला नाही. थोरल्याची खात्री मात्र पटत नव्हती. आजकाल वास न येणारी दारूही मिळते, असं तो मनाशी धरून बसला होता.

त्या दिवशी ठेकेदार पुलाच्या साहेबाला घेऊन फळ्या दाखवायला आला. सकाळचे दहा वाजले असतील. मोठा ओंडका निम्म्यावर कापून झाला होता आणि पातं दोन्हीकडून दाबलं जात होतं. थोरल्यानं वरून पाचर आण म्हणून सांगितलं. लाल्या शिडीनं वर आला. शेवटच्या पायरीवर त्याचा उजवा पाय अडकला. पाय उचलायचा सोडून तो त्याला फरफटत घेऊन आला. साहेबाच्या अंगावर गेला, सावरायला म्हणून साहेबाचा खांदा धरायला हात टाकला तो त्याच्या चष्म्यावर पडला. मग काहीतरी बोलला. जीभ तोंडात गोळा झाल्यासारखे आवाज आले. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि अर्धंच तोंड हसत होतं.

साहेबानं चष्मा पुसला आणि दुसरीकडे पाहिलं. ठेकेदार हळूच म्हणाला, "आज सकाळपासूनच?"

थोरल्याच्या अंगाची आग झाली. त्यानं ओंडक्यावरून उडी मारली, भावाचं बखोट धरलं आणि त्याला ओढत खोलीकडे नेलं. लाल्याचं सगळं वजन त्याच्या अंगावर येत होतं. तोंड अगदी नाकाशी आलं होतं. थोरल्यानं श्वास ओढून घेतला. चहाचा वास आला, ओल्या लाकडाचा आला. त्याला थांबायचं नव्हतं. त्यानं लाल्याला पोत्यांवर ढकललं, एक कानाखाली ठेवून दिली आणि बाहेर येऊन कडी घातली.

साहेबाला त्यानं फळ्या दाखवल्या. जाडी मोजून दिली, गाठी कुठे आहेत ते दाखवलं. दुपारनंतर काम पुन्हा चालू होईल असं सांगितलं. ते दोघे गेले.

एकट्यानं ती करवत चालत नाही. थोरल्यानं ती ओंडक्यातून सोडवली, दोन खुंट्यांत आडवी बसवली आणि कानस घेऊन दाते घासायला बसला. पाचसहा दाते झाले असतील, तेव्हा पहिल्यांदा दार वाजलं. फार जोरात नाही. खालच्या फळीवर, तीन वेळा. मग थांबलं. मग पुन्हा तीन वेळा. बापाच्या धडका अशा नसत. तो सगळ्या अंगानं दारावर येई आणि सोबत शिव्या असत. इथे आवाज नव्हता, नुसतं वाजणं होतं.

आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं खोलीकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "निजेल."

ती आत गेली. थोरल्यानं कानस जोरात चालवायला सुरुवात केली. कानशीचा आवाज असा असतो की जवळचं दुसरं काही ऐकू येत नाही. पण एक दात संपवून दुसऱ्याला कानस लावायची तेवढ्यात जी शांतता होई, तेवढ्यात ते ऐकू येई. सगळे दाते घासून झाले. त्यानं करवत उलटी केली आणि पहिल्यापासून पुन्हा घासले. कधीतरी त्या मधल्या शांततेत काही आलं नाही. थोरल्याला हायसं वाटलं. निजला, असं तो आईला आत जाऊन सांगून आला. दोघं जेवली. आईनं लाल्याचं ताट झाकून ठेवलं. दुपारभर थोरला ओंडक्यांची साल काढत बसला.

चारच्या सुमाराला धाकटी आली. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. हौदावर हात धुताधुता तिनं विचारलं, हे कुठं आहेत. निजलाय, थोरला म्हणाला. आता कसला निजला, असं म्हणत ती घरात बघून आली आणि मग तिनं खोलीकडे पाहिलं. थोरला उठला. तिच्या आधी तो दाराशी पोचला. दाराला पाठ लावून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि तिच्याशी बोलता बोलता मागे हात नेऊन त्यानं कडी सरकवली. थकलाय, झोपू दे अजून, असं काहीसं तो बोलत होता.

दार आत गेलं ते थोडं उघडून अडलं. लाल्या दाराशीच पडला होता. उजवा हात अंगाखाली, तोंड भुशात. डोळे उघडे होते. अर्ध्या तोंडाला लाळेवर भुसा चिकटून जाड थर झाला होता. डाव्या हाताच्या बोटांची पेरं सोलली होती. धाकटीनं त्याला उताणा केला, तोंड पुसलं, हाक मारली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून थोरल्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

ठेकेदाराचा ट्रक मिळाला. मोठं इस्पितळ दोन तासांच्या वाटेवर होतं. ट्रकच्या हौद्यात भुशाची पोती टाकून त्यावर लाल्याला निजवला. आई, धाकटी आणि थोरला त्याच्याभोवती बसले.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लाल्याचे हातपाय उचलून पाहिले, डोळ्यांत उजेड टाकला, मेंदूचा फोटो काढायला पाठवला. आणि मग बाहेर येऊन विचारलं की हा शेवटचा धडधाकट कधी दिसला. धाकटी म्हणाली, मी सकाळी सातला निघाले तेव्हा नीट होता, पुढचं दादांना माहीत. थोरला हातावरचा भुसा झटकू लागला. डॉक्टरीणबाईंना वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली आहे. गाठ विरघळवायचं औषध आहे, पण ते सुरुवातीच्या चार-साडेचार तासांतच द्यायचं असतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जातो. त्यामुळे वेळ अगदी खरी सांगा.

धाकटी त्याच्याकडे बघत होती. थोरल्याला वाटलं, तीन वाजले म्हणावं. दोनदा ते त्याच्या ओठांवर आलं.

"दहा," तो म्हणाला. "सकाळी दहा. तेव्हाच पाय ओढत होता. बोलणं कळत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. औषधाची वेळ टळून गेली होती. मग धाकटीनं विचारलं, "मग दिवसभर?"

"मला वाटलं प्यालाय."

कडीचं त्यानं सांगितलं नाही.

रक्त तपासायला गेलं होतं. तपासणाऱ्या माणसाला यंत्र बिघडलं असं वाटलं. त्यानं पुन्हा रक्त मागवलं, दुसऱ्या यंत्रावर घातलं, आकडे तेच आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिघांना बाकावर बसवलं. रक्ताचं ऐकल्याबरोबर थोरल्यानं बाही वर केली. माझं घ्या, म्हणाला. आमचं एकच असणार. लागेल तेवढं घ्या.

"त्याला रक्त द्यायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "काढायचं आहे."

थोरला बाही तशीच धरून बसला. बाईंनी सांगितलं ते असं, की रक्त हाडांच्या आत तयार होतं आणि याच्या हाडांना थांबायचं कळत नाही. रक्त दाट होत गेलं, इतकं की नळ्यांतून सरकेना. आजार फार थोड्यांना होतो आणि होतो तो बहुधा म्हाताऱ्यांना. एवढ्या तरुण माणसात त्यांनी स्वतः पहिल्यांदाच पाहिला होता. बापाकडून आलेला नाही, दारूचा संबंध नाही, कुणाचा दोष नाही. मग त्या एकेक विचारत गेल्या. चेहरा लाल असायचा का. गरम पाण्यानं अंघोळ केली की खाज सुटायची का. डोकं जड, कानात आवाज? पायाची बोटं जळायची? प्रत्येक प्रश्नाला धाकटी मान डोलवत होती. थोरलाही डोलवत होता. ओल्या भुशात रुतवलेले ते पाय त्यानं रोज वरून पाहिले होते. आई मात्र एकदम म्हणाली की अहो, लाल आहे म्हणजे अंगात रक्त आहे, असंच आम्ही धरून चाललो. वाटायचं, एकाला तरी लागलं खाल्लेलं अंगी.

काल दहाला आणला असता तर, असं धाकटीनं विचारलं. बाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले. कदाचित फरक पडला असता, म्हणाल्या. खात्री कुणीच देणार नाही.

त्याच दुपारी पहिली पिशवी भरली. डाव्या हाताच्या शिरेत जाड सुई, नळी, खाली तराजूवर डुलणारी पिशवी. रक्त काळपट होतं आणि नळीतून नाखुशीनं उतरत होतं. ते दुसऱ्या कुणाला चालत नाही, टाकून द्यायचं असतं, हे कळल्यावर आईनं तोंड फिरवलं. सुई लावणाऱ्या नर्सचं लक्ष लाल्याच्या पेरांकडे गेलं. तिनं औषध लावता लावता विचारलं, हे कसं झालं. पडला तेव्हा लागलं असेल, आई म्हणाली. धाकटीनं तो हात आपल्या हातात घेतला आणि पेरं बघत बसली. चारही पेरं सारखी सोलली होती.

तीन आठवड्यांनी लाल्याला घरी आणलं. काठीच्या आधारानं तो चालत होता. उजवा हात पोटाशी वळलेला. ऐकलेलं त्याला सगळं कळत होतं, पण बोलायला गेला की एकच शब्द येई, "चल." भूक लागली तरी चल, लघवीला जायचं तरी चल, राग आला तरी चल. आई कधीकधी हसे आणि म्हणे, अरे कुठं चलू आता मी. तोही अर्ध्या तोंडानं हसे. थोरला जवळ आला की मात्र तो तेही बोलत नसे. त्याच्याकडे बघत राही.

थोरल्यानं घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी खोलीची कडी उपटून नदीत टाकली होती. मग दार काढून चुलीला घातलं. खोलीला आता नुसती चौकट होती. पण करवतीला धार लावायला बसला की एक दात संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या जागेत त्याला ते ऐकू येई. तीन वेळा, खालच्या फळीवर. तो उठून चौकटीपर्यंत जाऊन येई. आत पोती असत. त्यानं धार लावायची जागा बदलली, घराच्या पुढच्या अंगाला गेला, तिथेही तेच. मग त्यानं करवत गावातल्या लोहाराकडे द्यायला सुरुवात केली. लोहार म्हणाला, एवढी वर्षं तुझ्या हाताची धार गावात नावाजलेली, आता काय झालं. हात दुखतो, असं थोरल्यानं सांगितलं.

आईशी तो एकदाच बोलला. ती पाणी काढत होती. वास आला नव्हता, तो म्हणाला. आईला कळलं कशाचा ते. तिनं भांडं भरू दिलं.

"तुझ्या बापाचा यायचा," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "त्याचा नेहमी यायचा ना?"

थोरल्यानं भरलेलं भांडं उचललं. तो तेव्हा लहान होता.

ठेकेदारानं निम्मे ओंडके परत नेले. त्यानंही त्या दिवसाचा विषय काढला नाही. जे उरलेत ते तुम्हीच करा, एवढंच म्हणाला. थोरल्यानं गावातले दोन गडी खड्ड्यात उतरवून पाहिले. एकाला लय जमेना. दुसरा डोळ्यांत भुसा गेला म्हणून दुपारीच पळाला. मग आई उतरली. दहा-बारा ओढी झाल्या आणि ती करवतीच्या मुठीला लोंबकळून दम खात उभी राहिली. पासष्ट वर्षांची बाई. थोरल्यानं तिला वर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी डोक्याला फडकं बांधून आली आणि शिडी उतरली. रोपवाटिकेत तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. पहिला तास पातं वाकडं जात राहिलं. मग तिच्या लक्षात आलं की जोर खांद्यात नाही, गुडघ्यांत आहे. आठवड्याभरात तिची ओढ लाल्याच्या ओढीच्या बरोबरीला आली. लाल्या अंगणात खुर्चीवर बसून बघे. पातं तिरकं जाऊ लागलं की डाव्या हातानं खुर्चीचा दांडा आपटे. थोरल्याच्या हातातली करवत तेवढ्यापुरती थांबे.

धाकटी थोरल्याशी कामापुरतं बोलत होती. फळीमागून फळी निघत होती. एका दिवशी, ऊन चढलेलं, निम्मा ओंडका कापून झालेला, तिनं ओढ थांबवली. थोरल्याला वाटलं दमली. तो वर उभा राहून घाम पुसू लागला. त्याला खालची ती दिसत नव्हती. मध्ये ओंडका होता.

"दादा," खालून आवाज आला. "त्या दिवशी दाराला कडी घातलेली होती का?"

थोरल्यानं लाल्याच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, आईनं त्याला आत नेलं होतं.

"होती," तो म्हणाला.

"बाहेरून?"

"बाहेरून."

 खड्ड्यात ती भुशातून पाय हलवत असल्याचा आवाज येत होता.

"वाजवत होते?"

"हो."

"ऐकू येत होतं?"

"येत होतं."

थोरला वाट बघत राहिला. ती वर येईल, काहीतरी उचलून मारेल, रडेल, असं त्याला वाटलं. वरच्या मुठीवर त्याचे हात तसेच होते. मग मूठ खाली ओढली गेली. त्यानं उचलली. पुन्हा ओढली गेली. ते दोघं शेवटपर्यंत कापत गेले, एकदाही न थांबता, आणि फळी सुटून पडली. धाकटी शिडी चढून वर आली. तोंडावर सगळा भुसा, फक्त डोळे मोकळे. तिनं फडकं सोडलं, झटकलं, घडी घातली.

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी तिला तिथली एक खोली देऊ केली होती. हे तिनं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, थोरल्याला सांगितलं नाही. दोन दिवसांत ती लाल्याला घेऊन तिकडे गेली. आई महिनाभर दोन्हीकडे जात-येत राहिली आणि मग तिकडेच राहिली. उरलेले ओंडके ठेकेदारानं उचलून नेले.

महिन्यातून एकदा रक्त काढायला जावं लागे. त्या दिवशी रोपं न्यायला गाडी यायची, ती भरायला धाकटीला थांबावं लागे, आणि लाल्याला बसमध्ये चढवायला दांडगा माणूस लागायचा. पहिल्या महिन्यात थोरला न सांगता रोपवाटिकेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. धाकटीनं त्याला आत बोलावलं नाही. तिनं लाल्याला फाटकापर्यंत आणला, कागदांची पिशवी थोरल्याच्या हातात दिली आणि गोळ्या कधी द्यायच्या ते सांगितलं. पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्याही. थोरला आता दुसऱ्यांच्या वखारीत ओंडके उचलायला जात होता. फाटकाशी उभा राहून तो रोपांच्या ओळी बघे. लाल्या तिथे डाव्या हातानं पिशव्यांत माती भरायला शिकला होता. धाकटी शेजारी बसून एकेक रोपाचं नाव घ्यायला लावते, असं आई म्हणाली होती. चार-पाच नावं येतात आता, म्हणाली होती.

पाचव्या महिन्यात ते दोघे इस्पितळात गेले. बाकावर बसून झालं, नंबर आला. लाल्या खाटेवर आडवा झाला आणि त्यानं डावा हात स्वतःहून पुढे केला. त्याच्या चेहऱ्याचा लाल रंग उतरला होता. चारचौघांसारखा दिसत होता, जरा फिकाच. नर्सनं सुई टोचली. रक्त पहिल्यासारखं अडून अडून येत नव्हतं. पिशवी तराजूवर डुलायला लागली. नर्स दुसऱ्या खाटेकडे गेली.

"दादा," लाल्या म्हणाला.

थोरला दचकला. इतक्या महिन्यांत ही हाक आली नव्हती. तो स्टूल ओढून जवळ सरकला. लाल्या छताकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून जुळत होते. कपाळावर घाम आला. थोरल्यानं त्याला थांब म्हणायला हात उचलला, पण म्हटलं नाही.

"प्या...लो," लाल्या म्हणाला. मग डोळे मिटले, जोर केला. "प्यालो नव्हतो."

दुसऱ्या खाटेवरची बाई नर्सला पंखा वाढवायला सांगत होती. थोरल्याला सांगायचं होतं की आम्हाला कळलं ते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हाच कळलं. ते तोंडापर्यंत आलं आणि त्यानं गिळलं.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तुला आत नेताना वास बघितला होता. आला नव्हता."

लाल्यानं मान वळवली. आता तो थोरल्याकडे बघत होता, त्या दिवशी धाकटीच्या खांद्यावरून पाहिलं होतं तितका वेळ. मग त्यानं तोंड पुन्हा छताकडे केलं.

पिशवी भरली. नर्सनं नळीला चिमटा लावला, सुई काढली, टोचल्या जागी कापूस ठेवला आणि थोरल्याला पाच मिनिटं दाबून धरा म्हणून सांगितलं. पिशवी ती घेऊन गेली. थोरल्यानं अंगठा कापसावर ठेवला आणि दाबून धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रक्त केव्हाच थांबलं होतं. लाल्यानं हात काढून घेतला नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही.